भुंकणाऱ्या कुत्र्याची बाजू

लेखकमहाशय कुत्र्यांचे जाणकार आहेत, ही गोष्ट नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ठाऊक आहे. लेखकमहाशयांनीच ती त्यांना सांगितली. कोणी हरकत घेतली नाही, आणि हरकत न घेणं म्हणजे संमती, हे ते सोसायटीच्या सभांमधून शिकलेले आहेत.

जाणकारीला आधार म्हणाल तर एक लॅब्रॅडॉर. तो अकरा वर्षं त्यांच्या घरी राहिला. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जायचा आणि फोडणीचा वास आला की बाहेर यायचा. दूधवाला, कुरिअरवाला, मीटर बघायला येणारा, सगळ्यांचं त्याने सारख्याच उमाळ्याने स्वागत केलं. एकदा चोर आला, त्याचंही केलं असावं. कारण सकाळी कपाट उघडं होतं आणि कुत्रा फार प्रसन्न होता. कुत्र्याचा स्वभाव मालकावर जातो, एवढाच निष्कर्ष लेखकमहाशयांनी यातून काढला, आणि तोही अभिमानाने.

मग भाचीने अमेरिकेहून स्वेटर पाठवला.

स्वेटर अल्पाकाच्या लोकरीचा. सोबत मोबाइलवर एक व्हिडिओ. हिरव्या कुरणात वीस-पंचवीस अल्पाका चरताहेत आणि त्यांच्या मधोमध ग्रेट पिरेनीज जातीचा एक भलाथोरला पांढरा कुत्रा पुढच्या पायांवर मान टाकून पडलाय. काही घडत नाही. एक अल्पाका येतो, कुत्र्याचा कान हुंगतो आणि जातो. चार मिनिटं एवढंच. लेखकमहाशयांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. अकराव्या वेळी त्यांना स्पष्ट दिसलं की संध्याकाळची वेळ आहे, आपण कुंपणाशी उभे आहोत आणि तो पांढरा कुत्रा सगळा कळप सोडून आपल्याकडे धावत येतो आहे. मूळ व्हिडिओत मालक कुठेच नव्हता. हे मात्र त्यांना अकरा वेळांत एकदाही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या मंडळींना दक्षिण अमेरिका ऐकावी लागली. अल्पाका मूळचा अँडीज पर्वतातला. विकुन्या नावाच्या रानटी प्राण्यापासून तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. उंट त्याचा लांबचा भाऊबंद. जगातले बहुतेक अल्पाका आजही पेरू देशात आहेत. तो एरवी नाकातल्या नाकात गुणगुणतो आणि राग आला की थुंकतो. सगळा कळप ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतो. या शेवटच्या मुद्द्याला सोसायटीच्या अध्यक्षांनी पहिल्यांदा कान टवकारले आणि कुत्र्यांऐवजी हा प्राणी ठेवता येईल का, असं विचारलं.

"कुत्र्यांऐवजी नाही, कुत्र्यांबरोबर," लेखकमहाशय म्हणाले. अल्पाकाच्या लेखी कुत्रा म्हणजे शिकारी; त्याला बघून तो किंचाळतो. म्हणून तिकडे राखणीचं पिल्लू आधी कुंपणाच्या पलीकडून दाखवतात, एकमेकांच्या वासाची सवय होऊ देतात आणि मग आत सोडतात. "थोडक्यात, आपल्याकडच्या कांदेपोह्यांसारखंच," असं म्हणून ते एकटेच हसले.

सिन्नर तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. दोन एकर त्यांच्या नावावर, दोन चुलतभावाच्या, आणि चारही चुलतभावाच्या घामावर. त्याला सगळे दादा म्हणतात. स्वेटर घालून लेखकमहाशय दादाकडे गेले.

"दादा, मी अल्पाका आणावेत म्हणतो."

"दूध किती देतो?"

"दूध नाही."

"मटण?"

"छे! लोकर."

दादाने बराच वेळ बांधाकडे पाहिलं. "मेंढ्या कातरायचे पैसे मेंढक्यानंच द्यायचे आणि निघालेली लोकर तिथंच टाकून पुढं जायचं, अशी इकडची तऱ्हा. आणि तू लोकरीसाठी उंट आणतोस?"

दादाचं बोलणं अतिशयोक्तीचं नव्हतं. आपली दख्खनी मेंढी काळ्या, राठ लोकरीची. संगमनेरी, लोणंद, कोल्हापुरी असे तिचे प्रकार आहेत आणि सगळ्यांची लोकर घोंगडीच्याच कामाची. घोंगडीच्या जागी गिरणीतली ब्लँकेटं आली आणि त्या लोकरीला कोणी विचारेनासं झालं. लेखकमहाशयांनी स्वेटरच्या बाह्या न कळत कोपरापर्यंत वर केल्या. समुद्रापलीकडच्या जनावराची लोकर अंगात घालून ते ज्या बांधावर उभे होते, त्या बांधावर गेल्या खेपेची काळी लोकर पावसात कुजून गेली होती.

आयात, परवाने आणि विलगीकरण या तीन शब्दांनी अल्पाकाचा निकाल अर्ध्या तासात लागला. उरल्या दादाच्या सहा संगमनेरी शेळ्या. पांढरी संगमनेरी शेळी आणि अल्पाका यांत मानेपुरताच काय तो फरक, अशी लेखकमहाशयांनी मनाची समजूत घातली. कुत्र्याची सोय मात्र आपोआप झाली. मार्गशीर्षात सोयाबीन निघालेल्या रानात दादाने धनगरांचा वाडा बसवला. तीन बिऱ्हाडं, दोन घोडी, तीनेकशे मेंढ्या आणि चार कुत्री. त्यांतली एक व्यालेली.

वाड्याचा कारभार एका म्हाताऱ्या मावशींकडे होता. लेखकमहाशयांनी प्रथम कुत्र्यांची जात विचारली.

"कुत्र्याला कशाला पायजे जात?" मावशी म्हणाल्या. "कुत्रंय."

आता लेखकमहाशयांना डार्विन आठवला. तो त्यांना नेहमी ऐन वेळी आठवतो. १८३३ साली आजच्या उरुग्वेमध्ये हिंडताना चार्ल्स डार्विनने असली राखणीची कुत्री पाहिली आणि प्रवासवर्णनात त्यांच्याविषयी फार मजेने लिहून ठेवलं. पिल्लू अगदी लहान असतानाच आईपासून तोडायचं. दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून त्याला तिचं दूध पाजायचं. मेंढ्यांच्या कोंडवाड्यातच त्याला लोकरीची गादी करायची. दुसऱ्या कुत्र्यांशी आणि घरातल्या पोरांशी त्याला बिलकूल खेळू द्यायचं नाही. असं वाढलेलं कुत्रं मग कळप सोडून जात नाही. डार्विनला सगळ्यात गंमत वाटली ती एका गोष्टीची. हे कुत्रं रोज मांसाचा तुकडा न्यायला घरी यायचं, तो मिळाला की अपराधी चेहऱ्याने सटकायचं आणि घरची कुत्री त्याला हुसकून मागे लागायची. कळपापाशी पोचलं की मात्र ते गर्रकन वळून भुंकायचं आणि पाठलाग करणारी सगळी कुत्री शेपूट घालून पळायची.

लेखकमहाशयांनी हे सगळं मावशींना साभिनय सांगितलं. मेंढीचं दूध पाजण्याचा प्रसंग त्यांनी विशेष रंगवला.

"मेंढीचं दूध कुत्र्यानं प्यायलं," मावशींनी विचारलं, "तर मग कोकरानं काय प्यायचं?"

डार्विनने याचा विचार केलेला नव्हता.

वास्तविक मावशींची रीत आणि पुस्तकातली रीत एकच होती. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या जोडप्याने १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात राखणदार कुत्र्यांचा मोठा प्रकल्प सुरू केला. इटली, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून पिल्लं आणून ती तिथल्या मेंढपाळांना दिली आणि वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. असल्या कुत्र्यात तीन गुण लागतात, असं त्यांनी मांडलं: कळपाला इजा करायची नाही, कळपाला सोडायचं नाही, आणि परक्याला कळपात येऊ द्यायचं नाही. हे तीनही गुण शिकवून येत नाहीत. साधारण चौथ्या ते सोळाव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांना ते जन्मभर आपलं मानतं. मेंढ्यांत वाढलं तर मेंढ्यांना, माणसांत वाढलं तर माणसांना. तेवढी खिडकी मिटली की मिटली.

मावशींनी हेच सात-आठ शब्दांत सांगितलं. "शेळ्यांत टाका. भाकर शेळ्यांतच द्या. कुरवाळू नका."

लेखकमहाशयांनी मान डोलावली. त्यांना हे आधीच ठाऊक होतं. सात आठवड्यांचं एक तांबूस पिल्लू घेऊन ते दादाच्या वस्तीवर आले आणि अल्पाकांच्या स्मरणार्थ त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘इंका’.

पहिल्या रात्री निफाडचा पारा कितीवर गेला होता, ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठळक आलं. सिन्नरलाही काही फार वेगळं नव्हतं. पिल्लू गोठ्यात शेळ्यांच्या कोपऱ्यात होतं आणि रडत होतं. नऊला लेखकमहाशय म्हणाले, रडू दे. दहाला म्हणाले, कॉपिंजर काय म्हणतात ते महत्त्वाचं. अकराला ते कॉपिंजरांचं थोडं चुकतंय का, याचा विचार करू लागले. बाराला ते नुसतं बघून येतो म्हणून उठले. सकाळी दादा चहा घेऊन आला तेव्हा बाजेवर अल्पाकाचा स्वेटर होता, स्वेटरमध्ये लेखकमहाशय होते, आणि त्यांच्या पोटाशी, स्वेटरच्या आतून, दोन तांबूस कान बाहेर आले होते. डाव्या बाहीला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

"लोकरीत झोपवायचंच असतं त्याला," लेखकमहाशय म्हणाले. "डार्विनने लिहिलंय."

पुढचे तीन आठवडे असेच गेले. कामधंदा लांबणीवर टाकून ते दर दोन दिवसांनी सिन्नर गाठत. शेळ्यांच्या गोठ्यात पिल्लू पाच मिनिटं थांबे आणि मग दाराशी बसून वस्तीच्या दिशेने रडे. एका म्हाताऱ्या शेळीने त्याला एकदाच ढुशी दिली, त्यावरून त्याने शेळ्या या जातीविषयी कायमचं मत बनवलं. लेखकमहाशयांच्या पायात मात्र ते असं घुटमळे की त्यांना चालता येत नसे. ‘इंका, सिट’ म्हटलं की बसे. नाशिकमध्ये घरात मराठी, बाहेर हिंदी आणि कुत्र्याशी इंग्रजी बोलतात. त्यामुळे सिन्नर तालुक्यात इंग्रजी समजणारं ते एकमेव राखणीचं कुत्रं होतं. अडचण एवढीच, की राखणीचं काम इंग्रजीत नव्हतं.

यात लेखकमहाशयांना काहीही चुकीचं दिसत नव्हतं. संध्याकाळी ते कुंपणाशी उभे राहत आणि इंका सहाही शेळ्या सोडून त्यांच्याकडे धावत येई. व्हिडिओत होतं तसंच. म्हणजे व्हिडिओत नव्हतं तसंच.

एकाच गोष्टीने त्यांचा आनंद नासवला होता. वाड्याची चार कुत्री रात्रभर भुंकत. एकाने सुरुवात केली की बाकीचे तीन साथ देत, मग थोडी विश्रांती, मग दुसरा राग. गंगापूर रोडच्या बंद खिडक्यांआड झोपणाऱ्या माणसाला हे सहन होणारं नव्हतं. तिसऱ्या रात्री ते वैतागून दादाला म्हणाले, "नुसतं भुंकतात. भुंकणारे कुत्रे चावत नाहीत म्हणतात, ते उगाच नाही."

इथे लेखकमहाशयांना जरा बाजूला जायचं आहे. जरा म्हणजे किती, ते त्यांच्या वाचकांना अनुभवाने माहीत आहे.

त्या रात्री झोप लागेना म्हणून त्यांनी मनातल्या मनात कुत्र्यांच्या म्हणी मोजल्या आणि एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मराठी भाषेने कुत्र्याला एकही बरा शब्द दिलेला नाही. ‘आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं’ घ्या. दळणाऱ्याकडे कोणी लक्ष द्यायचं, जात्याजवळ कोणी बसायचं, घरातले बाकीचे डोळस कुठे गेले होते, याची चौकशी नाही. आरोपपत्र थेट कुत्र्यावर. आणि कोरडं पीठ खाणारं कुत्रं लेखकमहाशयांनी आजवर पाहिलेलं नाही. ‘कुत्रं हाल खाईना’ म्हणतात, तेव्हा हाल हा पदार्थ कुत्र्याला एरवी आवडतो असं धरून चालतात. ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं’ ही तर म्हण नव्हे, कबुलीजबाब आहे. कोणीतरी कधीतरी खरोखर ते नळीत घातलं असणार. का घातलं? किती दिवस ठेवलं? त्या काळात कुत्र्याने बसायचं कसं? आणि सरळ झालंच असतं, तर त्या शेपटाचा या गृहस्थाला काय उपयोग होता? पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या छत्र्यांना आपण कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो. भर पावसात राखण करणाऱ्या प्राण्याला भाषेने दिलेली ही एकमेव वस्तू, आणि तीही बहुधा विषारी.

‘आपल्या गल्लीत कुत्रासुद्धा वाघ’ हा आपल्याकडे टोमणा आहे. राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत हे गुणपत्रक आहे. त्याने गल्लीबाहेर वाघ व्हावं अशी कोणाची अपेक्षाच नाही.

देवांनी मात्र भाषेची री ओढली नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात आणि जाणते लोक त्यांना चार वेद म्हणतात. धर्मराज कुत्र्याला दाराबाहेर ठेवून स्वर्गात जायला तयार झाला नाही. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. आणि खंडोबाचं तर घरच कुत्र्यांचं. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेतात आणि त्याच्यापुढे भुंकतातसुद्धा. हाच खंडोबा मालेगावजवळच्या चंदनपुरीत बाणाईसाठी वेष पालटून धनगराच्या घरी चाकर राहिला आणि तिच्या मेंढ्या वळल्या, अशी कथा आहे. राखणीचं काम देवाने केलं की लीला होते, कुत्र्याने केलं की झोपमोड.

म्हणी कोणी केल्या, याचा लेखकमहाशयांना तेव्हा संशय आला. ज्यांच्या दाराला आतून कडी होती, त्यांनी. उघड्या रानात तीनशे जीव वाघरीच्या जाळ्याआड निजवून स्वतः पालात झोपणाऱ्याने ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ हे कौतुकाने म्हटलं असतं. कारण भुंकणं हेच त्या कुत्र्याचं काम. चावायची वेळ आली, म्हणजे काम अर्धं फसलं. लांडगा असो, बिबट्या असो, शिकारी हिशेबी असतो. त्याच्या पायाला जखम झाली तर तो उपाशी मरतो. आपल्याला पाहिलं गेलंय, इथे कोणीतरी जागं आहे, एवढं त्याच्या कानावर गेलं की बहुतेक वेळा तो वाट बदलतो. रात्रभर तोच निरोप चारही दिशांना पाठवत राहायचा, एवढ्यासाठी ती चार कुत्री दोन-दोन भाकरींवर राबत होती.

इतका सगळा उदात्त विचार लेखकमहाशयांनी केला. तरी झोप लागेना, तेव्हा त्यांनी कानात कापूस घातला.

विसाव्या की एकविसाव्या रात्री दोनच्या सुमाराला पुन्हा सुरू झालं. या खेपेला आवाज वेगळा होता, खालून, पोटातून येणारा. पण लेखकमहाशय तसले बारकावे टिपण्याच्या मनःस्थितीत नव्हते. इंका बाजेखाली घुसून थरथरत होता. लेखकमहाशयांनी खिडकी उघडून अंधारात "गप बसा!" अशी आरोळी ठोकली. पंधरा-वीस मिनिटांनी एकदम शांत झालं. "चला," ते म्हणाले, आणि गाढ झोपले.

सकाळी वाड्यावर तीन कुत्री होती.

उसाच्या कडेला ओल्या मातीत पंजे उमटले होते. दादाने ते पाहिले आणि पायाने पुसले नाहीत, तसेच ठेवले. तीनशे मेंढ्यांपैकी एकही गेली नव्हती. सगळ्यात म्हातारा काळा कुत्रा, जो नेहमी उसाच्या बाजूला बसायचा, तो गेला होता. रात्री लेखकमहाशयांनी जिचे आभार मानले, ती शांतता त्याची होती.

मग त्यांना एक अभ्यास आठवला, आणि या वेळी तो कोणाला सांगावासा वाटला नाही. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या अभ्यासाच्या भागात जंगल नाही, रानटी भक्ष्य जवळजवळ नाही. ऊस आहे, भाजीपाला आहे, दाट वस्ती आहे. तरी त्यांना दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. ते खातात काय, हे त्यांच्या विष्ठेवरून तपासलं, तेव्हा भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळी रात्री गोठ्यात असते, आणि कुत्रं बाहेर असतं. त्या आकड्यांत भटकी कुत्रीही आली, अंगणातलीही आली. पण ज्याला आपण राखणदार म्हणतो, त्याच्यावर पहाऱ्याबरोबर ताटातली जागाही आलेली आहे, हे लेखकमहाशयांनी आकड्यांत वाचलं होतं आणि त्या सकाळी रिकाम्या जागेकडे बघून त्यांना कळलं.

"वनखात्याला कळवायचं का?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. "मेंढी गेली तर कागूद व्हतो," त्या म्हणाल्या. "कुत्र्याचा कुठं कागूद करत्यात?" नेहमीइतक्याच भाकरी झाल्यावर त्यांनी परातीतलं पीठ पाहिलं. दोन भाकरींचं उरलं होतं. ते त्यांनी पुन्हा डब्यात भरलं.

त्या दुपारी लेखकमहाशयांनी इंकाला काखेत घालून परत वाड्यावर आणलं. तोंडी भाषण तयार होतं. त्यात वेळेची अडचण, शहरातलं जीवन, सोसायटीचे नियम असं बरंच काही होतं. मावशींनी भाषण सुरू व्हायच्या आत पिल्लाला मानेला धरून उचललं, त्याचे दात पाहिले आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"हाय अजून वय," त्या म्हणाल्या. "व्हईल."

दहावा आठवडा चालू होता. कॉपिंजरांच्या हिशेबानेही अजून सहा शिल्लक होते.

"नाव काय म्हनलात?"

"इंका."

"येंक्या," मावशींनी कोकरांच्या जाळीत त्याला सोडताना हाक मारली. पेरूचं साम्राज्य एका श्वासात तिरुपतीच्या व्यंकटेशाच्या पायाशी गेलं. पिल्लू लेखकमहाशयांकडे बघून रडू लागलं. ते दोन पावलं पुढे सरकले, तशी मावशींनी नुसती मान हलवली. ते वळले आणि मागे न बघता मोटारीपर्यंत गेले. काच वर केली तरी आवाज येत होता. सिन्नर घाट संपेपर्यंत येत होता, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यावर मोटारीतल्या कोणी वाद घातला नाही, कारण मोटारीत दुसरं कोणी नव्हतं.

पुढचं वर्षभर सकाळच्या मंडळींनी कुत्र्यांविषयी फारसं ऐकलं नाही. लेखकमहाशय कधीमधी परदेशातल्या गोष्टी सांगत, पण बेताने. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूलजवळच्या एका बेटावर कोल्ह्यांनी छोटे पेंग्विन जवळजवळ संपवले होते. तिथे २००६ पासून इटलीची मरेम्मा कुत्री पेंग्विनांची राखण करू लागली आणि पक्षी पुन्हा वाढले. नामिबियात १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की जातीची कुत्री देतात, ती चित्त्यांना वाचवण्यासाठी. कुत्र्याने शेळ्या राखल्या की शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही. मंडळी ऐकून घेत. एकदा अध्यक्षांनी विचारलं, "तुमचं ते पिल्लू काय करतं?" लेखकमहाशय म्हणाले, "नोकरीला लागलंय." आणि विषय बदलून मिसळीवर गेले.

यंदाच्या मार्गशीर्षात वाडा पुन्हा दादाच्या रानात उतरला. चंपाषष्ठी होऊन दोन दिवस झाले होते. लेखकमहाशयांनी तोच स्वेटर घातला होता. भाचीने पाठवलेला दुसरा नवा होता, पण डाव्या बाहीला भोक असलेलाच घातला, आणि का घातला हे कोणी विचारू नये अशी त्यांची अपेक्षा होती.

मेंढ्या रानात पसरल्या होत्या. मधोमध एक तांबूस कुत्रा पुढच्या पायांवर मान टाकून पडला होता. एक मेंढी आली, त्याचा कान हुंगला, गेली. लेखकमहाशयांनी हा व्हिडिओ पूर्वी पाहिलेला होता.

ते बांध उतरून वीस पावलं आत गेले असतील. कुत्रा उठला. त्याच्या उठण्याबरोबर आसपासच्या मेंढ्या गोळा होऊन त्याच्या पाठीमागे सरकल्या, जणू तोच त्यांच्यातला वडीलधारा मेंढा. लेखकमहाशयांनी हात पुढे केला, भोकाची बाही पुढे केली आणि हळूच म्हणाले, "इंका. सिट."

कुत्रा पोटातून भुंकला. बाजूच्या शेतातले बगळे उडाले.

"ये येंक्या! गप!" पालाकडून मावशी ओरडल्या. तो गप बसला नाही. मग त्या लेखकमहाशयांना म्हणाल्या, "मागं व्हा भाऊ. त्ये न्हाई ऐकायचं. परकं मानूस शिरलं की त्ये आसंच करतंय."

परकं माणूस बांधावर जाऊन बसलं. मावशींनी जर्मनच्या ताटलीत भाकरी आणि ठेचा पाठवून दिला. लेखकमहाशयांनी तो वाघरीच्या बाहेर बसून खाल्ला, आणि खाताना प्रत्येक घासाला आतून त्यांच्यावर कोणीतरी गुरगुरत होतं.

रात्री ते दादाच्या वस्तीवर त्याच बाजेवर झोपले. कापूस आणला नव्हता. दोनला भुंकणं सुरू झालं. ते अंधारात डोळे उघडे ठेवून एकेक आवाज वेगळा काढू लागले. घोगरा तो लंगड्याचा. बारीक, तुटक तो कुत्रीचा. खालून, पोटातून येणारा, तो. ऐकता ऐकता त्यांना डुलकी लागली असावी. जाग आली ती एकदम, आणि काही ऐकू येत नव्हतं म्हणून आली.

चपला न शोधता ते बाहेर पडले. ढेकळांतून धडपडत, बॅटरी पाजळत उसाच्या बाजूने वाड्याकडे निघाले. मागून दादाचा आवाज आला, "काय झालं रे?"

"काही नाही. थांबलंय."

"काय थांबलंय?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. वाघरीपासून पंचवीस-तीस हातांवर त्यांनी बॅटरी फिरवली. आधी मेंढ्यांचे डोळे, शेकडो. मग त्यांच्या अलीकडे, जमिनीसरशी, एक जोडी. दुसरी. तिसरी. उसाच्या कडेला चौथी. चारही उठल्या आणि चौघांनी मिळून लेखकमहाशयांवर भुंकायला सुरुवात केली. पालातून कोणीतरी झोपेतच शिवी हासडली. लेखकमहाशयांनी बॅटरी विझवली आणि थंडीत अनवाणी ते तिथेच बराच वेळ उभे राहिले.